सहचराचें नांव कोठें लिहावें?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यास लागलें म्हणजे भोसरी, मोशी, चाकण आणि पुढें राजगुरुनगर असा क्रम लागतो. याच खेड तालुक्यांत कन्हेरसर म्हणून एक गांव आहे. चंद्रचूड घराण्याचें तें मूळ गांव. चाकणच्या कारखान्यांचीं पत्र्याचीं छपरें आणि कन्हेरसरचा वाडा यांचा एरवीं परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु समलिंगी विवाहाच्या प्रश्नांत हीं दोन टोकें एकमेकांस येऊन भिडलीं. ज्या न्यायपीठानें हा प्रश्न ऐकला त्याचे प्रमुख तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय यशवंत चंद्रचूड. आणि त्या निकालाचा परिणाम ज्यांना पाळीच्या भोंग्याबरोबर रोज सोसावा लागतो, असे कामकरी लोक चाकण, भोसरी, पिंपरी येथील कारखान्यांतहि आहेत.

हा विषय घरच्या मासिकांत कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. सासूसुनांनीं मिळून वाचावयाचीं हीं पानें. त्यांत असली चर्चा नको, हा संकोच आम्हांस समजतो. पण मृत्यूनंतर पैसा कोणाचा, आजारपणांत उशाशीं बसण्याचा अधिकार कोणाचा, आणि कोणाच्या मुलीचें लग्न कोणाशीं लावून दिलें जातें, हे प्रश्न घरचे नव्हेत काय? या लेखांत आम्ही तेवढ्यांच्याच अनुरोधानें बोलणार आहों.

समजा, सांगलीकडील एक तरुण चाकणच्या कारखान्यांत जोडारी म्हणून लागला आहे. दुसरा लातूरकडचा, त्याच पाळीचा. दोघे निगडीस दोन खोल्या घेऊन राहतात. भाडें अर्धें अर्धें, स्वयंपाक एकाचा, बाजारहाट दुसऱ्याची. अशीं दहा वर्षें गेलीं. शेजारीपाजारी ज्याला 'मित्र' म्हणतात तो वस्तुतः पहिल्याचा आयुष्याचा सोबती आहे, हें त्या दोघांखेरीज फारसें कोणास ठाऊक नसतें. एके दिवशीं कारखान्याच्या कचेरींतून प्रॉव्हिडंट फंडाचा नामनिर्देशनाचा कागद पुढें येतो. त्यांत एक रकाना असतो : आपल्या पश्चात् रक्कम कोणास द्यावी, त्याचें नांव व नातें.

१९५२ च्या प्रॉव्हिडंट फंड योजनेनें 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या बांधून दिली. पुरुष सभासदाच्या बाबतींत पत्नी, मुलें, त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप, आणि मृत मुलाची विधवा व तिचीं मुलें, एवढेंच त्याचें कुटुंब. यांपैकीं कोणी हयात असेल तर नामनिर्देशन त्यांच्यापैकींच कोणाच्या तरी नांवें व्हावयास पाहिजे. बाहेरच्याचें नांव लिहिल्यास तें निरर्थक ठरतें, आणि रक्कम कुटुंबियांत समान वांटली जाते. कोणीच नसेल, तर मात्र वाटेल त्याचें नांव लिहावें. म्हणजे ज्याला जगांत कोणी नाहीं त्याला मित्र चालतो. ज्याची म्हातारी आई गांवीं त्याच्या पैशावर जगते त्याला चालत नाहीं! आईला रक्कम मिळूं नये असें कोण म्हणेल? पण विवाहित कामकऱ्याला आई आणि बायको या दोघींचीं नांवें लिहून हिस्से ठरवून देतां येतात, ही सोय या जोडाऱ्याला नाहीं. त्याच्या कागदावर आईचें नांव लिहिलें जातें आणि दहा वर्षांचा संसार रकान्याबाहेर राहतो.

ग्रॅच्युइटीचा नियम याच वळणाचा. १९७२ च्या कायद्यानें कुटुंब असलेल्या नोकराचें कुटुंबाबाहेरचें नामनिर्देशन रद्दबातल ठरविलें होतें. त्याची जागा घेणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली, तरी तो नियम तिनेंहि तसाच ठेविला आहे. यंत्रावर अपघात होऊन कामगार दगावला, तर राज्य विमा योजनेचें दरमहाचें साहाय्य विधवेस मिळतें. सहचर हा शब्दच त्या यादींत नाहीं. एखाद्या कारखानदारानें उदार व्हावयाचें म्हटलें तरी त्याचा हात अर्ध्यावरच अडतो. टाटा स्टीलनें डिसेंबर २०१९ मध्यें आपल्या नोकरांना समलिंगी सहचराचें नांव कंपनीस कळविण्याची मुभा दिली आणि स्वतःच्या हातच्या कांहीं सवलती त्यांना लागू केल्या. स्तुत्य गोष्ट. पण स्वतःच्या हातच्या, एवढ्याच. सरकारी योजनेंतील कुटुंबाची व्याख्या कोणत्याहि कंपनीस बदलतां येत नाहीं.

तेव्हां मूळ प्रश्न येतो तो विवाहाचा. पत्नी वा पति हा शब्द ज्याला लागला त्याला हे सर्व दरवाजे एका किल्लीनें उघडतात, आणि ज्याला लागला नाहीं त्याला प्रत्येक दारावर वेगळी धडक मारावी लागते.

ही किल्ली मिळावी म्हणून अनेक जोडपीं सर्वोच्च न्यायालयांत गेलीं. वाट त्यापूर्वींच थोडी मोकळी झाली होती. मेकॉलेच्या मसुद्यांतून उतरलेलें १८६० च्या दंडसंहितेचें ३७७ वें कलम दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २००९ मध्यें सैल केलें, सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१३ मध्यें पुन्हा आवळलें, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं, संमतीनें एकत्र येणाऱ्या प्रौढांपुरतें, कायमचें मोडून काढलें. पण गुन्हेगार नसणें आणि नवराबायको असणें यांत पुष्कळच अंतर आहे. तें अंतर काटण्यासाठींच पुढचा खटला. १८ एप्रिल २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांपुढें सुनावणी सुरू झाली, ती दहा दिवस चालली, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं चार निकालपत्रें बाहेर पडलीं.

त्या निकालाविषयीं घरोघर एक गैरसमज आहे, तो येथें दूर केला पाहिजे. तीन विरुद्ध दोन असा निकाल झाला, म्हणून दोन न्यायाधीशांनीं विवाहास मान्यता दिली व तिघांनीं नाकारली, असें पुष्कळांना वाटतें. तसें नाहीं. विवाह हा मूलभूत हक्क नव्हे आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा न्यायालयाला आपल्या हातानें फिरवून लिहितां येणार नाहीं, याविषयीं पांचांचेंहि एकमत होतें. मतभेद झाला तो पुढच्या पायरीवर. सरन्यायाधीश चंद्रचूड व न्या. संजय किशन कौल म्हणाले कीं, विवाह नाहीं तर नाहीं, पण अशा सहजीवनाला कायद्यानें ओळखलें जाण्याचा हक्क या नागरिकांना आहे, आणि दत्तक घेण्याची मनाईहि टिकणार नाहीं. न्या. रवींद्र भट, हिमा कोहली व पी. एस. नरसिंह या तिघांनीं तेंहि मानलें नाहीं; हें काम संसदेचें, असें त्यांनीं सांगितलें. एक गोष्ट मात्र सर्वांनीं निःसंदिग्ध केली : तृतीयपंथी स्त्री वा पुरुषास भिन्नलिंगी व्यक्तीशीं आजच्या कायद्याखालींच विवाह करतां येतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेनें २०२२ मध्यें तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलें होतें. त्यांच्यापैकीं कोणास घर मांडावयाचें असेल तर हें वाक्य त्याच्या उपयोगाचें आहे.

न्या. भट यांच्या युक्तिवादांतील एक मुद्दा आम्हांस वजनदार वाटतो. विशेष विवाह कायद्यांत 'पति' आणि 'पत्नी' हे शब्द खोडून 'जोडीदार' लिहिलें कीं झालें, असें सोपें हें काम नाहीं. पोटगीचा हक्क त्या कायद्यानें पत्नीला दिला आहे. घटस्फोटाचीं कांहीं जादा कारणेंहि केवळ पत्नीसाठीं आहेत. हे शब्द निष्काळजीपणें पुसले तर स्त्रियांच्या पदरांत मोठ्या कष्टानें पडलेलें संरक्षणच निसटावयाचें. म्हणूनच हें काम कायदेमंडळानें, कलमाकलमानें बसून करावयास पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. पण 'संसदेनें करावें' याचा अर्थ व्यवहारांत 'कोणीच करूं नये' असा होऊं लागला, तर मग त्या युक्तिवादाचें वजन राहत नाहीं.

आणि व्यवहारांत काय झालें तें पहा. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं १ एप्रिल २०२२ रोजीं, म्हणजे खटला उभा राहण्याच्या वर्षभर आधीं, लोकसभेंत एक खासगी विधेयक मांडलें होतें. विशेष विवाह कायद्याचें चौथें कलम 'कोणत्याहि दोन व्यक्तींच्या' विवाहाविषयीं बोलतें. पण लगेच पुढें पुरुषाचें वय २१ व स्त्रीचें १८ असें म्हणून वर एक आणि वधू एक हें गृहीत धरतें. दोघेहि पुरुष असतील तर २१, दोघीहि स्त्रिया असतील तर १८, आणि पतिपत्नींच्या जागीं जोडीदार, अशी त्या विधेयकाची सुधारणा होती. खासगी विधेयकांचें भवितव्य आपल्याकडे काय असतें हें जाणकारांस सांगावयास नको. असें विधेयक संसदेनें शेवटचें मंजूर केलें तें १९७० मध्यें. सुळे यांचें विधेयक सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ मध्यें लयास गेलें.

केंद्र सरकारनें न्यायालयांत सांगितलें कीं, भारतीय कुटुंबाची कल्पना पति, पत्नी आणि त्यांचीं मुलें अशीच आहे, आणि ही मागणी शहरांतील उच्चभ्रू लोकांची आहे. पहिल्या विधानाबद्दल आमच्या वाचकांनींच विचार करावा. आत्या, विधवा काकू, शिकावयास राहिलेला भाचा, अशा ज्या घरांत आपण वाढलों तीं घरें या व्याख्येंत कोठें बसतात? दुसऱ्या विधानास चाकणचा आमचा जोडारी हें उत्तर पुरेसें आहे. राज्यांचींहि मतें मागविलीं होतीं. सात राज्यांनीं उत्तरें धाडलीं; राजस्थान, आंध्र प्रदेश व आसाम यांनीं स्पष्ट विरोध केला, आणि महाराष्ट्रानें सिक्कीम, उत्तर प्रदेश व मणिपूर यांच्यासमवेत सवड मागितली. विरोध केला असता तर निदान वाद घालतां आला असता!

थोडें विषयान्तर करतों. पुण्यांत जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड यांनीं १९७६ मध्यें, आणीबाणीच्या काळांत, स्थानबद्धांस न्यायालयाचें दार बंद करणाऱ्या निकालावर बहुमताबरोबर सही केली. २०१७ मध्यें खासगीपणाच्या खटल्यांत पुत्रानें तो निकाल चुकीचा होता असें लिहून ठेविलें. समलिंगी सहजीवनाच्या खटल्यांत तोच पुत्र सरन्यायाधीशाच्या आसनावर बसून अल्पमतांत गेला. फेरविचाराचे अर्ज ९ जानेवारी २०२५ रोजीं फेटाळले गेले, तेव्हां ते निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. त्या पीठावर मुख्य होते अमरावतीचे न्या. भूषण गवई. अल्पमतांतलीं निकालपत्रें दप्तरांत पडून राहतात खरीं, पण कांहींना पुढें वाचक मिळतात.

आतां घरांतील वडीलधाऱ्यांचा आक्षेप. विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे. सप्तपदी व कन्यादान यांचें काय? याचें उत्तर विशेष विवाह कायद्याच्या जन्मकथेंतच आहे. १८७२ च्या मूळ कायद्याखालीं नोंदणीनें लग्न करावयाचें तर आपण हिंदु नाहीं असें लिहून द्यावें लागे. ही अट हिंदूंपुरती दूर केली १९२३ च्या दुरुस्तीनें, आणि ती घडवून आणणारे गृहस्थ नागपूरचे बॅरिस्टर हरिसिंग गौर. पण तेव्हांच्या सनातन्यांच्या समाधानासाठीं एक कलम घातलें गेलें कीं, असें लग्न करणारा एकत्र कुटुंबांतून विभक्त झाला असें समजावें! तें कलम १९५४ च्या कायद्यांत एकोणिसावें म्हणून उतरलें, आणि उभय पक्ष हिंदु असतील तर तें लागू नाहीं असें ठरावयास १९७६ साल उजाडलें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, नोंदणीचा हा रस्ता आरंभापासूनच संस्काराच्या बाहेरून काढलेला आहे. उद्यां त्यावरून दोघे पुरुष वा दोघी स्त्रिया चालून गेल्या, तरी कोणाच्या घरच्या होमकुंडांत कसलाहि अधिकउणा मंत्र पडत नाहीं. हिंदु विवाह कायद्यास त्या खटल्यांत न्यायालयानें हातहि लावला नाहीं. प्रश्न विशेष विवाह कायद्यापुरताच ठेविला होता.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. अण्णासाहेब कर्व्यांनीं गोदूबाईंशीं विवाह केला तो १८९३ मध्यें, आणि तरीहि मुरुडकरांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. तेथें कायदा पुढें होता आणि घरें मागें. या प्रश्नांत क्वचित् उलट दिसूं लागलें आहे. यवतमाळांत २०१७ च्या अखेरीस दोघा पुरुषांचा विवाहसमारंभ झाला. नागपुरांत २०२१ च्या अखेरीस दोन डॉक्टर तरुणींनीं आप्तांसमक्ष एकमेकींस अंगठ्या घातल्या. घरें थोडीं, पण तीं कायद्याच्या पुढें गेलीं.

बाकीच्या घरांत काय होतें, तें बोलावयास आम्हांस अधिक जड जातें. मुलाची तिशी जवळ येते. तो लग्नास नाहीं म्हणतो. कारण सांगत नाहीं, किंवा सांगितलें तर 'लग्न झालें कीं सगळें सुरळीत होईल' असें उत्तर मिळतें. मुलगी पाहिली जाते, पत्रिका जमते, मंगल कार्यालय ठरतें. पुढें त्या मुलीचें काय? वर्ष-दोन वर्षें ती स्वतःच्या रूपांत, स्वभावांत, स्वयंपाकांत उणेपणा शोधीत राहते. सासरचीं माणसें जें जाणून होतीं तें तिला कोणीं सांगितलेलें नसतें. हिंदु विवाह कायद्याच्या बाराव्या कलमाखालीं, महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीनें संमति घेतली असेल तर विवाह रद्द करवितां येतो. पण अर्ज फसवणूक उघडकीस आल्यापासून एका वर्षाच्या आंत करावा लागतो, आणि उघडकीस येऊनहि त्या नवराबायकोप्रमाणें राहत राहिल्या असतील तर दाद मिळत नाहीं. मुलीच्या आईबापांनीं ही मुदत ध्यानांत ठेवावी. समलिंगी विवाहास विरोध करणाऱ्या किती घरांनीं या मुलींचा हिशेब मांडला आहे, असें आम्हांस विचारावेंसें वाटतें. ज्या मुलास आपल्या सहचराबरोबर उजळ माथ्यानें राहतां येईल त्याला परक्याच्या मुलीच्या गळ्यांत माळ घालण्याचें कारण उरणार नाहीं. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांनीं या विषयावर मराठींत सातत्यानें लिहिलें आहे. ज्यांच्या घरीं असा मुलगा वा मुलगी आहे त्यांनीं ज्योतिष्याकडे जाण्यापूर्वीं तें लेखन वाचावें.

परदेशांतला इतिहास थोडक्यांत सांगून पुढें जातों. डेन्मार्कनें १९८९ मध्यें विवाहाऐवजीं नोंदणीकृत सहजीवन मान्य केलें. विवाह प्रथम दिला तो नेदरलँड्सनें, २००१ मध्यें. आपल्या निकालाशीं ताडून पाहण्यासारखें उदाहरण तैवानचें आहे. तेथल्या न्यायालयानें २०१७ मध्यें कायदा स्वतः लिहिला नाहीं; विधिमंडळास दोन वर्षांची मुदत दिली, आणि २०१९ च्या मे महिन्यांत कायदा आला. म्हणजे 'हें काम संसदेचें' असें म्हणूनहि न्यायालयास मुदत घालतां येते. शेजारच्या नेपाळांत २०२३ च्या नोव्हेंबरांत पहिली नोंदणी झाली, थायलंडांत २३ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. अमेरिकेंत २०१५ पासून सर्व राज्यांत हा विवाह कायदेशीर आहे. तेथें स्थायिक झालेल्या मराठी जोडप्याचा विवाहाचा दाखला मात्र मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर नुसता कागद होतो.

सरकारनें न्यायालयास दिलेल्या शब्दानुसार मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालीं एप्रिल २०२४ मध्यें समिति नेमली. त्यानंतर कांहीं सूचना निघाल्या. शिधापत्रिकेसाठीं अशा सहचरांस एका घरांतील समजावें. बँकेंत संयुक्त खातें उघडण्यास व सहचराचें नामनिर्देशन करण्यास आडकाठी नाहीं. जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर मृतदेहाचा ताबा सहचरास मागतां यावा. शेवटची सूचना वाचून मन विषण्ण होतें, पण ती आवश्यक होती.

बँकेच्या नामनिर्देशनावर मात्र कोणीं फार विसंबूं नये. नामनिर्देशित मनुष्य हा पैसे हातीं घेणारा, मालक नव्हे. मालक वारसच, हें सर्वोच्च न्यायालयानें विम्याच्या बाबतींत १९८३ मध्यें सांगितलें, आणि शेअरांच्या बाबतींत १४ डिसेंबर २०२३ रोजीं. तो दुसरा खटला आपल्या भिंतीवर ज्यांचें 'कालनिर्णय' असतें त्या जयंत साळगांवकरांच्या मिळकतीसंबंधीं होता. विम्यांत २०१५ च्या दुरुस्तीनें नामनिर्देशितास खरी मालकी मिळाली खरी. पण ती आईबाप, पति-पत्नी आणि मुलें यांनाच. सहचर पुन्हा बाहेर. करांचीहि गोष्ट तीच : एका वर्षांत ५०,००० रुपयांवर गेलेली देणगी नातलगाकडून आल्यास करमुक्त, सहचराकडून आल्यास करपात्र. या भेदास आव्हान देणाऱ्या एका जोडप्याच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें ॲटर्नी जनरलना नोटीस काढली.

तोंवर हातीं राहतें तें इच्छापत्र. हिंदु पुरुष इच्छापत्राविना वारला तर आई, पत्नी व मुलें हे पहिल्या वर्गाचे वारस. अविवाहित स्त्रीची मिळकत आईबापांकडे जाते. सहचराचें नांव कोणत्याच वर्गांत नाहीं. पण आपली स्वकष्टार्जित मिळकत, आणि १९५६ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमान्वयें एकत्र कुटुंबांतील आपला हिस्साहि, इच्छापत्रानें वाटेल त्यास देतां येतो. मोशी-चिखलीकडे दोघांनीं मिळून सदनिका घेतली असेल तर खरेदीखतावर दोघांचींहि नांवें घालावीं, आणि शिवाय प्रत्येकानें आपलें इच्छापत्र करावें. गृहसंस्थेंतील नामनिर्देशनानें सहचर तात्पुरता सभासद होतो, मालक नव्हे. इच्छापत्र साध्या कागदावर चालतें, त्यास मुद्रांक लागत नाहीं. दोन साक्षीदारांनीं सही होतांना पहावी व स्वतः सह्या कराव्या; ज्याला मिळकत द्यावयाची त्यालाच साक्षीस घेऊं नये. नोंदणी सक्तीची नाहीं, तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरींत ती करून ठेवणें बरें, कारण अशा प्रकरणीं वाद घालण्यास गांवाकडून कोणी ना कोणी येतोच.